तक्त्यातली पाचवी ओळ

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

तू जाऊन आज नऊ दिवस झाले. पोचल्याचा एका ओळीचा मेसेज आला, त्यानंतर तूही बोलली नाहीस आणि मीही. फोनवर आपल्या दोघांचेही आवाज चढतात, म्हणून लिहायला बसलो.

त्या रात्री तू लॅपटॉप उघडून कर्जांचा तक्ता दाखवलास आणि मी पूर्ण वाचायच्या आधीच ठेव मोडायची भाषा केली. ते चुकलं. तू पैसे मागायला आली नव्हतीस. किती आहे, कसं फेडणार आहेस, हे तू मला विश्वासानं दाखवत होतीस. मी मध्येच बोललो आणि वर 'एवढं शिकून हे काय करून बसलीस' असंही म्हणालो. ते वाक्य नऊ दिवस माझ्याच कानात वाजतंय. ते मी परत घेतो.

तू गेल्यावर तक्ता नीट पाहिला, हिरव्या वहीत उतरवून घेतला. कागदावर हातानं लिहिल्याशिवाय मला आकडे कळत नाहीत, हे तुला माहीत आहे. चार देणी, चारांचे व्याजदर, देय तारखा, सगळं एका जागी. एवढं मांडायलाही धीर लागतो. मला तुझ्या वयात तो नव्हता, त्याबद्दल पुढे लिहितो. निखिलचा विषय या पत्रात काढायचा नाही असं ठरवूनच बसलोय.

तुझ्या तक्त्यात एकच दोष आहे: तो फार कडक आहे. १८ महिन्यांत सगळं फेडायचं म्हणून तू पगारातून घरखर्च वजा करून उरलेला पैसा न् पैसा हप्त्यांना लावलास. पण घरखर्चाचा आकडा कुठून आणलास? आठवून लिहिला असशील, तर तो कमीच असणार. माझं ऐक, बँकेचं मागच्या तीन महिन्यांचं स्टेटमेंट काढ आणि एकेक ओळ वाच. आणि वर्षातून एकदाच येणारे खर्च? विम्याचा हप्ता, शाळेची फी, गाडीचं काम, ओजसचा चष्मा? त्याचा नंबर दर वर्षी बदलतो, तरी तक्त्यात चष्मा कुठेच नाही. अशा खर्चांची वर्षाची बेरीज करून १२ ने भाग आणि तेवढी रक्कम दर महिन्याला बाजूला टाक. ते अचानक येत नाहीत, आपणच त्यांना विसरलेलो असतो.

तुझा तक्ता तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मोडेल, मनू. कुणाचा तरी दात दुखेल, खर्च क्रेडिट कार्डावर जाईल, मग तुला वाटेल की आपल्याला जमतच नाही, आणि तू तक्ता उघडणंच बंद करशील. मला भीती आहे ती त्या दिवसाची. म्हणून आधी थोडी शिल्लक बाजूला पडू दे, निदान एका महिन्याच्या घरखर्चाइतकी. कर्ज असताना शिल्लक ठेवणं मूर्खपणाचं वाटेल, व्याजाच्या हिशेबानं ते तोट्याचंही आहे. पण तीच शिल्लक तुला पुन्हा कार्ड काढू देणार नाही. मी वहीत मांडून पाहिलं तर १८ ऐवजी २७ महिने लागतात. लागू देत.

मात्र कार्डाच्या बाबतीत मी कडकच बोलणार. तू त्याची 'किमान देय रक्कम' भरतेस आणि त्या ओळीपुढे हिरवी खूण करतेस. ती खूण पुसून टाक. महिन्याला ३ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. व्याजावर व्याज धरलं की वर्षाचे साडेबेचाळीस टक्के होतात, आणि काहीच भरलं नाही तर दोन वर्षांत रक्कम दुप्पट. किमान रकमेचं गणितही मी करून पाहिलं. बाकी १०० धर, आणि दर महिन्याला व्याजासकट जी बाकी असेल तिच्या ५ टक्के तू भरतेस असं समज, नवी खरेदी अजिबात नाही. ३२ महिन्यांनी तू १२० च्या आसपास भरलेले असतील, आणि तरी ५० शिल्लकच. आता दुसरी रीत बघ. पहिल्या महिन्याला जेवढे भरलेस, म्हणजे ५ च्या थोडे वर, तेवढेच दर महिन्याला भर. बिलात किमान रक्कम कमी छापून आली तरी आपला आकडा खाली आणायचा नाही. तिसाव्या महिन्यात खातं शून्य होतं. सुरुवात त्याच रकमेनं आणि निकाल इतका वेगळा! मला स्वतःलाच खरं वाटेना, म्हणून तीनदा केलं.

आणि मागची बाकी आहे तोवर त्या कार्डावर काहीही घेऊ नकोस. बाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. ते कार्ड पर्समध्ये नको, घरी कपाटात असू दे. पाहा, पुन्हा शाळामास्तरासारखं सुरू झालं. तुला हे कळत नाही असं नाही. रागावू नकोस.

आधी कुठलं फेडायचं, यावर आपण त्या रात्री भांडलो. तू म्हणालीस, सगळ्यांना थोडं थोडं. मी म्हणालो, सगळ्यात महागडं आधी. नियम तोच आहे: बाकीच्यांचे ठरलेले हप्ते भरायचे आणि वरचा सगळा जोर जास्तीत जास्त व्याजाच्या कर्जावर लावायचा. ते संपलं की त्याचा हप्ता पुढच्याला जोडायचा. व्याज त्यात सर्वांत कमी जातं. पण नऊ दिवस विचार केल्यावर माझं मत थोडं बदललंय. ते ॲपवरचं छोटं कर्ज आहे ना, ते आधी मिटव. रक्कम लहान आहे, दोन-अडीच महिन्यांत संपेल, आणि ते लोक तुला ज्या वेळी, ज्या भाषेत फोन करतात ते मी त्या रात्री जिन्यात उभा राहून ऐकलंय. तू आवाज दाबून 'हो, हो, देते' म्हणत होतीस. माझी मुलगी अशा आवाजात बोलते हे मला माहीतच नव्हतं. ते फोन थांबले तर तुला झोप लागेल, आणि झोप लागली तर बाकीचं गणित तू माझ्यापेक्षा चांगलं करशील. मग कार्ड, मग बँकेचं १४ टक्क्यांचं कर्ज.

शुभाचे पैसे तू सगळ्यात खाली टाकलेस, कारण त्यांना व्याज नाही. व्याज नाही हे खरं. पण तिला महिन्याला लहान का होईना, ठरावीक रक्कम पाठव, आणि कधीपर्यंत फिटेल ते तिला स्वतःहून सांग. ती मागणार नाही. ती मागणार नाही म्हणूनच सांग.

ऑफिसातला तुझा तो सहकारी सगळी कर्जं एकत्र करून 'फक्त १२ टक्के फ्लॅट'नं देतो म्हणाला होता ना? फ्लॅट या शब्दापाशी थांब. त्यात मूळ रकमेवर शेवटपर्यंत व्याज लावतात, तू अर्धी फेडलीस तरी. वर्षभराच्या कर्जाला १२ टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या बाकीवर साधारण साडेएकवीस टक्के. कार्डापेक्षा ते स्वस्तच, पण तुझ्या बँकेच्या कर्जापेक्षा महाग. मग ते यात कशाला ओढायचं? कार्डापुरतं घटत्या बाकीवरचं कर्ज मिळालं तर जरूर घे, फक्त त्या दिवशी कार्ड बंद कर. रिकामं झालेलं कार्ड उघडं ठेवलं की एकाच्या जागी दोन कर्जं होतात. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये.

आता ते लिहितो.

तू सातवीत होतीस. शाळेतून येताना पोस्टमननं तुझ्या हातात एक जाड पाकीट दिलं आणि तू ते नेऊन आईला दिलंस. त्यानंतर घरात पंधरा दिवस कुणी कुणाशी बोलत नव्हतं. ते तुला आठवतं, मला ठाऊक आहे, कारण पुढे कितीतरी दिवस तू दारात आलेलं कुठलंच पत्र हातात घेत नव्हतीस. ते काय होतं हे आम्ही तुला कधी सांगितलं नाही. मी एका मित्राला जामीन राहिलो होतो. त्यानं हप्ते थांबवले आणि ते माझ्यावर आले. साडेतीन वर्षं मी ते आईला न सांगता भरत होतो. पगारातून भागेना तेव्हा सोसायटीकडून घेतले, ते फेडायला आणखी एकाकडून. याची टोपी त्याच्या डोक्यावर. रोज संध्याकाळी हसतमुखानं घरी यायचो आणि अप्पांच्या फोटोखाली बसून तुझा अभ्यास घ्यायचो.

पंधरा दिवसांनी आई हिरवी वही घेऊन समोर बसली. भांडली नाही. म्हणाली, "आकडा सांगा. खरा." मी सांगितला. तिनं सगळं मांडलं, बांगड्या कुठे आणि किती हेही लिहिलं. चार महिन्यांनी तिला कळलं की मी तेव्हाही एक कर्ज सांगितलं नव्हतं. मोठं नव्हतं ते. लाज वाटली म्हणून तेवढं एक मागे ठेवलं होतं. पहिल्या वेळी तिनं मला सावरून घेतलं होतं. त्या दुसऱ्या वेळी ती परसात जाऊन बराच वेळ उभी राहिली. ती पाठ मला अजून दिसते. पैसे पुढच्या तीन वर्षांत फिटले. तिनं 'सगळं सांगितलंत ना?' असं विचारणं बंद करायला त्याहून जास्त वर्षं गेली.

म्हणून विचारतो. तुझ्या तक्त्यात चार ओळी आहेत. पाचवी आहे का? असेल तर मला सांगू नकोस हवं तर, पण तक्त्यात लिही. एक ओळ गाळून केलेला हिशेब कितीही चांगला असला तरी चालत नाही, कारण तिचा हप्ता कुठून तरी जातच असतो.

आणि निखिलला सांगितलंस का?

नाव काढणार नव्हतो, काढलं. राहवलं नाही. तू म्हणालीस, निम्मं फिटलं की सांगेन. मीही तसंच म्हणत होतो. पण २७ महिने तू दर महिन्याला एवढी रक्कम बाजूला काढणार, बाहेर जाणं टाळणार, फोन आला की दुसऱ्या खोलीत जाणार, आणि शेजारी बसणाऱ्या माणसाला ते दिसणार नाही? त्याला काहीतरी दिसेल, आणि तो त्याचा भलताच अर्थ लावेल. घरखर्चाचा तो आकडाही तू एकटी खाली आणू शकत नाहीस. तो दोघांचा आहे. त्याच्या आईच्या औषधांसाठी तू कार्ड वापरलंस, हे तरी त्याला कळायला नको का? तो चांगला मुलगा आहे. रागावेल. चार दिवस बोलणार नाही. तक्त्यात त्या चार दिवसांचीही जागा ठेव.

त्या ॲपवाल्यांना आणि बँकेलाही आधीच सांगत जा. एखादा हप्ता चुकेल असं वाटलं तर चुकायच्या आधी जाऊन बोल, लेखी दे. चुकल्यानंतर गेलं की आपली बाजू पडती असते. फोन घ्यायचा नाही असं मात्र करू नकोस. मी करायचो.

ठेवीचं म्हणशील तर मी ती मोडणार नाही, तू जिंकलीस. आईच्या दुसऱ्या ऑपरेशनचं पाहायचं आहे, ते तुझंच म्हणणं बरोबर होतं. पण ती एक महिन्याची शिल्लक मला घालू दे. उसने म्हणून नाही, आणि कर्ज फेडायलाही नाही. दाताला आणि चष्म्याला. तुला पहिला पगार झाला तेव्हा तू मला घड्याळ आणलंस, मी नको नको म्हणत घेतलं की नाही? तसं घे.

एक सांगायचं राहिलं, आणि तेच अवघड आहे. आईला सांगू नका, असं वचन तू माझ्याकडून घेतलंस. नऊ दिवस पाळलं. पण या घरात मी तिच्यापासून पैशाची गोष्ट लपवायची नाही, हे त्या वेळी ठरलंय आणि ते वचन जुनं आहे. येत्या रविवारपर्यंत थांबतो. त्याआधी तू स्वतः तिला फोन केलास तर मला फार बरं वाटेल. ती तुला एकच प्रश्न विचारेल, काय ते तुला आता माहीत आहे.

आत्ताच तिनं विचारलं, एवढं काय लिहिताय? मनूला लिहितोय, म्हटलं. ती म्हणाली, चष्मा लावा मग.

तुझा,
बाबा

ता. क. ॲपवालं कर्ज फिटलं की थकबाकी नसल्याचं पत्र मागून घे आणि जपून ठेव. थोडक्यात मिटवू, अर्ध्यावर सोडवू असं ते म्हणाले तर लगेच हो म्हणू नकोस, तशी तडजोड पुढे कर्जाच्या नोंदीत दिसत राहते. आणि ओजसच्या चष्म्याचा नंबर किती झाला, ते कळव.