वंदना मॅडम, सातवी ब

भांडुप,
मंगळवार, रात्री

प्रिय वंदू,

फोन केला असता तर तुझी घंटा झाली असती आणि गोष्ट अर्धीच राहिली असती, म्हणून लिहायला बसले. तब्येती ठीक आहेत. सासूबाईंची साखर वरखाली होते, त्या गोळीही घेतात आणि मोदकही.

काल संकष्टी. चंद्रोदयाच्या आत डबे पोचले पाहिजेत, त्यामुळे दुपारपासून घरात पाय ठेवायला जागा नसते. संकष्टीला अभ्यासाला सुट्टी, हे मुलांना पाठ आहे. एरवी सकाळी अकरापर्यंत मी ऑर्डरचा फोन घेत नाही, तो वेळ फक्त त्यांचा. ओम झाकणांवर नावं लिहीत होता. सई पाऱ्या करत होती. तिचे हात बघायला हवेस तू. उकड गरम असतानाच मळते, तेला-पाण्याचं बोट फिरवते आणि मुखऱ्या अशा पाडते की सासूबाईसुद्धा आता गप्प बसतात. मी ओट्यापाशी मोदकपात्रात हळदीची पानं घालत होते, तेवढ्यात मागच्या टॉवरमधल्या आजी डबा न्यायला आल्या. सईने दार उघडलं. त्यांनी विचारलं, "कितवीत गं तू? शाळा कुठली?"

माझा हात तिथेच थांबला. का, ते तुला माहीतच आहे. दुसरीत तिच्या बाई प्रकट वाचनाला तिचा नंबर आला की पुढच्या मुलीकडे जायच्या, "वेळ जातो" म्हणून. नाव सांगताना "स... स..." झालं की अख्खा वर्ग तिच्यासारखं करून दाखवायचा. मग ती घरीसुद्धा बोलेनाशी झाली आणि आम्ही तिला शाळेतून काढून घरीच शिकवायला लागलो.

तर ही माझी पोर त्या आजींना म्हणाली, "सातवी ब. दुपारची शाळा असते माझी. आज संकष्टी म्हणून राहिले. आमच्या वर्गशिक्षिका वंदना मॅडम आहेत, कडक आहेत पण भूगोल मस्त शिकवतात. माझा बाक खिडकीजवळ आहे, तिथून नदी दिसते."

भांडुपात नदी! आजी म्हणाल्या, "छान हो," आणि 385 रुपये देऊन गेल्या. अकराचा डबा. पण वंदू, एवढं सगळं ती परक्या माणसाशी बोलली आणि एकदाही अडखळली नाही. एकदाही नाही गं.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच चाललंय. मी आनंदाने रडू की काळजीने, ते कळेना. जूनमध्ये तुझ्याकडे चिपळूणला आली तेव्हा चार दिवस तू तिला तुझ्या वर्गात मागच्या बाकावर बसवलंस, त्यातून तिने ही आख्खी शाळा उभी केली आहे. तिच्या स्पीच थेरपिस्ट मागेच म्हणाल्या होत्या की गाताना किंवा नाटकात दुसऱ्याची भूमिका करताना बऱ्याच मुलांचं अडखळणं कमी होतं. मग ही भूमिका होती का? की तिला खरंच शाळेत जायचंय आणि आम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलत नाही? की मोदक वळणारी मुलगी म्हणून कुणी कीव करू नये, एवढंच होतं? सुहास म्हणतो, थेट विचार. विचारलं आणि ती पुन्हा गप्प झाली तर?

हे तुलाच का लिहितेय ते तुला कळेल. चौथीत बाईंनी विचारलं की तू "बाबा रात्रपाळीला आहेत" सांगायचीस, आणि मिलचं गेट तर आपण पहिलीत असल्यापासून बंद होतं. मी शेजारी बसून मान हलवायचे. तेव्हा तुला काय हवं होतं गं? कुणी ओळखावं असं, की कुणी ओळखू नये असं? इतक्या वर्षांत मी हे कधी विचारलंच नाही.

मध्यंतरी सईला मी लालबागला नेलं होतं. आमचा इतिहासाचा तास असाच असतो. मिरची गल्लीत शिंकत शिंकत फिरलो, चिवडा गल्लीत खाल्लं, आणि तिला 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेला गिरण्यांचा संप सांगितला. मग तुझ्या आईची, काकूंची खानावळ. प्रेमाताई पुरवांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं म्हणून काकूंसारखीला बँकेचं कर्ज मिळालं, नाहीतर सावकारच होता, हे ऐकून ती खूप वेळ प्रश्न विचारत होती. पगाराच्या दिवशी तू डबेवाल्या पोरांचा हिशेब करायचीस, तेही सांगितलं. घरी येऊन तिने आमची ऑर्डरची वही नव्याने आखली. एका नारळात किती मोदक, गूळ किती, गॅस किती, हे तिने त्रैराशिकाने काढलं. खाण्याच्या बॉक्सवर लागतो तो FSSAI चा चौदा आकडी नोंदणी क्रमांकही तिला पाठ आहे. हे शिक्षण नाही असं मला कुणी सांगू नये.

तू सांगितलं होतंस म्हणा! छायाच्या लग्नात, भर पंगतीत, जिलबी हातात धरून. "आपल्या आयांनी भाकऱ्या थापून आपल्याला शाळेत धाडलं आणि तू पोरांना घरी बसवून मोदक वळायला लावतेस." छायाच्या सासरचे वाढपी थबकले होते. मी तेव्हा म्हटलं होतं की जिथे पोरीचा आवाज गेला तिथे तिला ठेवणार नाही, आणि आजही तेच म्हणेन. पण त्याच भांडणात तू कायदा ऐकवलास तो मात्र आता उपयोगी पडतोय. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात मुलांना शाळेत घालणं पालकांचं कर्तव्य म्हटलंय, घरशिक्षणाचा त्यात उल्लेख नाही. पण चौदा वर्षांपर्यंत वयाप्रमाणे वर्ग मिळतो, हेही त्यातच आहे. मुक्त विद्यालयाची पाचवी ती छान पास झाली. तिथल्या आठवीला तेरा वर्षं पूर्ण लागतात, ती होतील. म्हणजे दोन्ही दारं उघडी आहेत, आणि कुठलं हवंय हे मी तिच्याऐवजी ठरवणार नाही. ओमचं वेगळं. तो घरीच फुलतोय, त्याला मी हलवणार नाही.

तुझ्या बदलीचं काय झालं? दीप्तीची दहावी म्हणजे तुझीच दहावी असणार. काकूंचे गुडघे कसे आहेत? सहामाहीचे पेपर तपासून झाले की दोन ओळी तरी लिही.

आणि एक मागणं आहे. फराळाच्या ऑर्डरी आटपल्या की दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीला मी सईला मांडवी एक्स्प्रेसने चिपळूणला घेऊन येते. तुझ्या मुख्याध्यापकांना विचारून तिला आठवडाभर वर्गात बसव. पाहुणी म्हणून कोपऱ्यात नको. हजेरी घेताना तिचंही नाव घे, सगळ्यांच्या देखत. "हजर" म्हणायला तिला वेळ लागेल. तू थांब. पुढच्या नावाकडे जाऊ नकोस. आणि आठवड्याने तिला तूच विचार, आई म्हणून मी विचारलं तर ती माझ्या मनासारखं उत्तर देईल.

आजींना तिने काय सांगितलं ते तुला कळलंय, हे तिच्यापाशी बोलू नकोस एवढ्यात. काकूंसाठी भाजणी आणते, त्यांना विकतची चालत नाही माहीत आहे मला. मुख्याध्यापक काय म्हणतात ते लवकर कळव, तिकिटं काढायची आहेत.

तुझीच,
मंजू