भोपळ्यातली म्हातारी कार्टून नव्हे?

महोदय,

कालच्या अंकातला मुलांच्या मालिकांवरचा लेख वाचून राहवलं नाही, म्हणून लिहिते आहे. जपानी कार्टूनमुळे आपली संस्कृती बुडते, असं लेखकाचं म्हणणं. मी नातीशेजारी बसून डोरेमॉन पाहिलं आहे. नोबिता दाराशी बूट काढतो, जमिनीवर गादी घालून झोपतो, डोरेमॉन भिंतीतल्या कपाटात निजतो. जपान्यांनी आपलं घर आहे तसं दाखवलं, यात त्यांचं काय चुकलं? २००८ साली त्यांच्या परराष्ट्र खात्याने त्या निळ्या बोक्याला चक्क राजदूत नेमलं. आपली पात्रं आपण पडद्यावर आणली नाहीत, त्याचं खापर त्यांच्या माथी फोडू नका.

गेल्या डिसेंबरात नातीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात ‘आवडतं कार्टून’ अशी वेशभूषा स्पर्धा होती. पोरीला भोपळ्यातली म्हातारी व्हायचं होतं. तीन रात्री जागून मी बांबूच्या कामट्यांवर कागद चिकटवून भोपळा केला, माझं जुनं लुगडं कापून तिला नऊवारी शिवली. ‘लेकीकडे जाते, तूपरोटी खाते, जाडजूड होते, मग मला खा’ हे तिने अगदी ठसक्यात म्हटलं आणि टुणूक टुणूक करत मंचाला फेरी मारली. टाळ्या पडल्या. परीक्षकबाईंनी मात्र विचारलं, हे कोणत्या चॅनलवर लागतं? कुठेच नाही म्हटल्यावर तिचं नाव यादीतून काढलं. घरी येईपर्यंत पोर एक शब्द बोलली नाही. रात्री अंथरुणात म्हणाली, ‘आजी, म्हातारी खोटी असते का गं?’

मोबाइलवर ही गोष्ट सापडते, मला ठाऊक आहे. पण डोरेमॉनसारखी रोज ठरल्या वेळी घरी येणारी म्हातारी माझ्या नातीला मिळालेली नाही. आणि तो डोरेमॉनही आमच्या घरात बोलतो हिंदीच.

आपल्याला हे तंत्र जमायचं नाही, असं कुणी म्हणू नये. आमच्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ केली. काडी जराशी हलवायची, चित्र घ्यायचं, पुन्हा हलवायची. तेव्हा काड्या नाचल्या, मग आज भोपळा का गडगडू नये? तुमच्या लेखात फाळक्यांचं नाव आलं ते ‘राजा हरिश्चंद्र’पुरतंच, याचंही वाईट वाटलं.

आणखी एक. तुमच्या रविवारच्या अंकातलं मुलांचं पान दोन वर्षांपासून गायब आहे. तिथे आता सदनिकांच्या जाहिराती असतात. नात त्यातल्या गोष्टी कापून वहीत चिकटवायची, ती वही अर्धी कोरी पडली आहे. संस्कृती बुडाल्याचे लेख छापण्याआधी ते पान परत द्या.

एक निवृत्त शिक्षिका, नाशिक