आजींना उठू दे

चि. मंदार,
अनेक आशीर्वाद.

काल रागात फोन ठेवला, चुकलंच. पण आजी तुझ्याकडे आल्या की चोवीस तासांची बाई ठेवतो म्हणालास, तिला मी नको म्हटलं ते पैशांमुळे नव्हे.

न्युमोनिया बरा झाला. आता भीती पलंगाची. पासष्टी-सत्तरीची धडधाकट माणसंसुद्धा 10 दिवस पडून राहिली तर पायांचं जवळजवळ किलोभर मांस झडतं. आजी 81 च्या, आणि हॉस्पिटलातच 9 दिवस गेले. बाई चांगली निघाली तर जास्तच नडेल: अंगावर पाणी घालील, पातळ नेसवील, हातात ताट देईल. बहुतेकांची आधी अंघोळ सुटते, मग नेसणं, मग संडासला जाणं. बाई ठेवलीसच तर तिला सांग, पाणी काढून दे, पाठ चोळ, बाकी त्यांचं त्या करतील. अर्धा तास लागला तर लागू दे.

तुझा तो खोल सोफा नको. हाताची खुर्ची, बैठक 17 इंच उंच. आधी कडेला सरकायचं, पावलं मागे घ्यायची, पुढे वाकून उठायचं. 5 वेळा, दिवसातून 3 दा. रविवारी मोज: हात छातीशी, 30 सेकंदांत किती उठबशा. परवा 6 झाल्या. त्यांच्या वयाच्या बायकांना 9 च्या खाली म्हणजे पडायचा धोका. हात टेकले तर शून्य धरायचं, लाडानं एक वाढवू नकोस.

झाली माझी शिकवणी सुरू! तुझ्या दहावीला पहाटे चारला त्या चहा ठेवायच्या. तू पुन्हा झोपायचास, चहा निवायचा, त्या परत आधण ठेवायच्या. तेव्हा कुणी त्यांना 'बसून राहा' म्हटलं नाही.

असो. चहा-खारीवर दिवस काढू देऊ नकोस. वजन 48, किडनी ठीक आहे, म्हणजे रोज 50-55 ग्रॅम प्रोटीन हवं. वाटीभर वरणात जेमतेम 5-6 असतं. अंडं, दही, पनीर दे. रात्री उठताना दोन मिनिटं पाय सोडून बसू देत. उभं राहिल्यावर वरचं बीपी 20 नं उतरलं तर डॉक्टरांना कळव. बाथरूममधला टॉवेलचा दांडा त्या हमखास धरतील आणि तो निखळेल. भिंतीत पक्का बार आजच बसवून घे.

काठी मनगटाच्या घडीइतकी कापून घेतली आहे. उजवा गुडघा दुखतो, म्हणून ती डाव्या हातात. स्टेशनवर व्हीलचेअर मागवू नकोस रे. वाटेत दोनदा बसतील, पण येतील चालत.

तुझी,
आई