सामायिक सेवा केंद्र : आधी नियम एक करा, मग कार्यालये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वेतन, लेखे, खरेदी आणि आस्थापना ही कामे प्रत्येक सार्वजनिक संस्थेने स्वतंत्रपणे न करता एका सामायिक सेवा केंद्राकडे सोपवावीत आणि त्यातून खर्चात बचत करावी, असे सुचवणारा लेख आपल्या अंकात नुकताच वाचला. माझी सगळी नोकरी एका सार्वजनिक संस्थेच्या लेखा शाखेत झाली आणि शेवटची काही वर्षे अशाच एका केंद्राशी रोजचा संबंध आला, म्हणून हे पत्र. लेखकाचा हेतू मला मान्य आहे आणि त्यांचा हिशेबही बऱ्याच अंशी पटतो. मात्र हिशेबातील जी बाजू त्यांनी गृहीत धरली आहे, नेमक्या त्याच बाजूवर असे अनेक प्रकल्प आजवर फसले आहेत.

आधी कल्पनेच्या बाजूने जे बोलायला हवे ते बोलतो. दहा संस्था असतील तर दहा वेतन शाखा असतात, दहा सॉफ्टवेअर असतात, त्यांचे दहा परवाने आणि देखभालीचे दहा करार असतात, आणि करकपातीचा एखादा नियम बदलला की तोच बदल दहा ठिकाणी करावा लागतो. छोट्या संस्थेत तर हे काम जाणणारा माणूस एकच असतो. तो आजारी पडला की देयके अडकतात. अमेरिकेच्या संघीय सरकारमध्ये एकेकाळी वीसहून अधिक संस्था वेतनाचे काम करत असत, ते या शतकाच्या पहिल्या दशकात प्रामुख्याने चार संस्थांकडे आणण्यात आले. त्यांपैकी एक म्हणजे कृषी विभागाचे न्यू ऑर्लिन्स येथील नॅशनल फायनान्स सेंटर. ऑगस्ट २००५ मध्ये कतरिना चक्रीवादळाने ते शहर पाण्याखाली गेले, केंद्राच्या कर्मचाऱ्यांना शहर सोडावे लागले, तरीही पर्यायी ठिकाणांहून काम चालवून पाच लाखांहून अधिक कर्मचाऱ्यांचे पगार वेळेवर जमा झाले. एवढी पर्यायी यंत्रणा उभारणे कोणत्याही लहान कार्यालयाला एकट्याने परवडले नसते. एकत्रीकरणाचा हा लाभ बचतीच्या तक्त्यात दिसत नाही, पण तो खरा आहे.

आता दुसरी बाजू. ब्रिटनमध्ये २००४ साली सरकारी कामकाजातील काटकसरीविषयीच्या सर पीटर गर्शन यांच्या अहवालानंतर सामायिक सेवांना मोठी चालना मिळाली. तेथील परिवहन विभागाने आपल्या संस्थांसाठी स्वान्सी येथे केंद्र उभारले. योजना होती निव्वळ ५ कोटी ७० लाख पौंड वाचवण्याची. २००८ साली राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने तपासणी केली तेव्हा बचत राहिली बाजूला, निव्वळ ८ कोटी १० लाख पौंडांचा भुर्दंड पडेल असा अंदाज पुढे आला. कर्मचाऱ्यांना संगणकावर मधूनच जर्मन भाषेत संदेश येत, ही त्या प्रकरणातली सर्वांत लक्षात राहिलेली गोष्ट. हसू येते खरे, पण ज्याला त्या पडद्यावर आपली रजा नोंदवायची होती त्याला आले नसेल. त्याच कार्यालयाने २०१२ साली ब्रिटनच्या केंद्र सरकारच्या अशा पाच सामायिक सेवा केंद्रांचा आढावा घेतला. उभारणी आणि चालवणे मिळून ९० कोटी पौंडांचा अंदाज होता, प्रत्यक्षात १४० कोटी खर्च झाले होते. कारणांमध्ये एक मुद्दा ठळक होता : प्रत्येक विभागाने आपापल्या पद्धती तशाच ठेवल्या आणि त्यांना बसेल असे सॉफ्टवेअर बदलून घेतले. म्हणजे छप्पर एक झाले आणि चुली मात्र वेगवेगळ्याच राहिल्या.

यावर लेखकाचे उत्तर बहुधा ‘मग सहभाग सक्तीचा करा’ असे असेल. सक्तीही करून झाली आहे. पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्याने आपल्या विभागांना एका केंद्रात आणायला घेतले, वेळापत्रक वर्षानुवर्षे लांबत गेले, ४० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक पैसा गेला आणि २०११ साली ते केंद्र गुंडाळून कामे पुन्हा विभागांकडे देण्याचा निर्णय घ्यावा लागला. सक्तीने माणसे एका इमारतीत येतात. ज्या नियमांनुसार ती काम करतात ते नियम तिथे आल्यावरही शंभर तऱ्हांचेच राहतात.

हे नियमांचे प्रकरण बाहेरून पाहणाऱ्याला क्षुल्लक वाटते, म्हणून जवळून पाहिलेला एक प्रसंग सांगतो. आमच्याकडे एक पहारेकरी होते. एका महिन्यात सहकारी आजारी पडल्याने त्यांनी काही रात्री अर्ध्या-अर्ध्या दोन पाळ्या केल्या. पूर्वीच्या व्यवस्थेत ते हजेरीपट घेऊन आस्थापना लिपिकाच्या टेबलाशी आले असते, लिपिकाने पर्यवेक्षकाला हाक मारून खात्री केली असती आणि त्याच महिन्याच्या देयकात रात्रपाळीचा भत्ता लागला असता. नव्या व्यवस्थेत अर्ज ऑनलाइन होता आणि कारणांच्या यादीत ‘अर्धी पाळी’ असा पर्यायच नव्हता. त्यांनी सर्वांत जवळचा पर्याय निवडला. अर्ज त्रुटी काढून परत आला. दुसरा पर्याय निवडला, पर्यवेक्षकाची मंजुरी पुन्हा घेतली. अर्ज पुन्हा परत. तिसऱ्या वेळी मी स्वतः दूरध्वनी केला, तर प्रत्येक वेळी नवा आवाज, नवा तक्रार क्रमांक आणि ‘सुरुवातीपासून सांगा’. चौथ्या महिन्यात पुरवणी देयकातून पैसे मिळाले. पुढे केंद्राचा तिमाही अहवाल आला, त्यात आमच्या संस्थेची सर्व प्रकरणे विहित मुदतीत निकाली निघाल्याचे लिहिले होते. ते खोटेही नव्हते. अर्ज परत पाठवला की तो निकाली निघाला असे धरायचे, अशी केंद्राची मोजणीची पद्धत होती. त्यामुळे एका पहारेकऱ्याच्या एका भत्त्याने केंद्राला चार यशस्वी प्रकरणे मिळवून दिली.

या चार फेऱ्यांत पर्यवेक्षकाचे, माझे आणि त्या पहारेकऱ्याचे किती तास गेले, याची नोंद कुठेच नव्हती. लिपिकाचे पद रद्द झाले होते आणि त्याचा पगार बचतीच्या रकान्यात जमा होता. त्याचे काम मात्र तुकड्यातुकड्यांनी आम्हा सगळ्यांच्या टेबलांवर येऊन पडले होते, आणि त्यातल्या काहींचा पगार त्या लिपिकाच्या दुप्पट होता. वर्षभरात आमच्या प्रत्येक शाखेत कोणी ना कोणी एक्सेलची खासगी फाइल ठेवू लागले, कारण केंद्राच्या नोंदीवर विसंबण्याची कोणाची तयारी नव्हती. जॉन सेडन हे ब्रिटिश व्यवस्थापन सल्लागार अशा कामाला ‘फेल्युअर डिमांड’ म्हणतात : पहिल्या वेळी काम नीट झाले नाही म्हणून निर्माण होणारी मागणी. ज्या केंद्राकडे दिवसाला हजार दूरध्वनी येतात ते फार काम करते असे दिसते. त्यांतले किती दूरध्वनी ‘माझ्या अर्जाचे काय झाले’ एवढेच विचारण्यासाठी आहेत, हे कोणी मोजत नाही.

कॅनडाचे उदाहरण तर प्रत्येक नियोजकाने बारकाईने अभ्यासावे असे आहे. तेथील संघीय सरकारने वेतन सल्लागारांचे, म्हणजे कर्मचाऱ्यांची वेतनाची प्रकरणे हाताळणाऱ्यांचे, काम न्यू ब्रन्सविक प्रांतातील मिरामिची येथील एका केंद्रात एकवटायचे ठरवले आणि फेब्रुवारी २०१६ पासून फिनिक्स नावाची नवी वेतनप्रणाली लागू केली. वर्षाला ७ कोटी कॅनेडियन डॉलर वाचतील असा अंदाज होता. वेतनाचे नियम ८० हजारांहून अधिक, विभाग आणि संस्था मिळून १०१, कर्मचारी सुमारे २ लाख ९० हजार. प्रणाली पूर्ण तयार होण्यापूर्वीच विभागांतील अनुभवी वेतन सल्लागारांची पदे कमी करण्यात आली होती, कारण बचत त्या पदांवरच दाखवायची होती. जून २०१७ पर्यंत दीड लाखांहून अधिक कर्मचाऱ्यांची वेतनविषयक प्रकरणे तुंबली. कोणाला पगार कमी, कोणाला जास्त, कोणाला मुळीच नाही. २०१८ साली महालेखापरीक्षक मायकेल फर्ग्युसन यांनी या प्रकल्पाला ‘अनाकलनीय अपयश’ म्हटले. लेखापरीक्षकाची भाषा किती मोजूनमापून असते हे माझ्यासारख्याला चांगले ठाऊक आहे. तो असा शब्द वापरतो तेव्हा त्याच्याकडचे इतर शब्द संपलेले असतात.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याच्या आरोग्य विभागातही मार्च २०१० मध्ये नवी वेतनप्रणाली सुरू होताच असाच घोळ झाला होता. तेथे वेतन आकारणीचे नियम एकमेकांशी जुळून २४ हजारांहून अधिक वेगवेगळ्या जोडण्या होत होत्या. आजारी पडले ते यंत्र, पण दुखणे त्या जोडण्यांत होते. दोन्ही देशांत लोकांनी सॉफ्टवेअरला शिव्या दिल्या, आणि त्यात तथ्यही होते. पण कोणत्याही यंत्राला ८० हजार नियम बिनचूक शिकवण्यापेक्षा ते ८ हजारांवर आणणे अधिक स्वस्त पडले असते, असे मला वाटते. नियम कमी करण्याचे काम मात्र कंटाळवाणे असते. त्यासाठी संघटनांशी बसावे लागते, एका संस्थेतील जुनी सवलत आणि दुसऱ्या संस्थेतील जुनी अडचण यांची सांगड घालावी लागते, कोणाचा तरी भत्ता गोठवावा लागतो आणि कोणाला तरी तो नव्याने द्यावा लागतो. शिवाय या कामाचे उद्घाटन करता येत नाही. इमारतीचे करता येते.

म्हणून माझे म्हणणे क्रमाविषयी आहे. ज्या संस्था एकत्र येणार आहेत त्यांनी रजा, भत्ते, प्रवासदेयके आणि खरेदीच्या मंजुऱ्या यांचे नियम आपापल्या जागी राहूनच आधी एकसारखे करावेत. त्यातच बरीच बचत आहे आणि तिला नवे केंद्र लागत नाही. त्यानंतर काम हलवावे, तेही एकेक करून आणि पुरवठादारांची देयके भागवण्यासारख्या साच्यातल्या कामांपासून. सेवापुस्तक, निवृत्तिवेतन, निलंबनकाळातील वेतन अशी जी कामे माणसागणिक बदलतात ती शेवटी न्यावीत किंवा नेऊच नयेत. आणि स्थानिक लिपिकांची पदे नव्या व्यवस्थेचे एक पूर्ण आर्थिक वर्ष, वर्षअखेरीच्या ताळेबंदासह, पार पडल्याशिवाय रद्द करू नयेत. यामुळे पहिल्या वर्षी खर्च वाढलेला दिसेल, हे मला मान्य आहे. अंदाजपत्रक मांडणाऱ्यांनी तो वाढीव खर्च आरंभीच लिहून दाखवावा. तो लपवायला गेले की मग पदे आधी कापावी लागतात, आणि मिरामिचीत काय झाले ते वर सांगितलेच आहे.

आपल्या वृत्तपत्राकडे एक विनंती. अशा केंद्रांच्या बातम्या देताना ‘किती प्रकरणे मुदतीत निकाली’ हा आकडा छापला जातो. त्याच्या शेजारी आणखी तीन आकडे मागून घ्यावेत : एकच प्रकरण किती वेळा परत पाठवले गेले, किती पुरवणी देयके काढावी लागली, आणि जास्तीची दिलेली रक्कम वसूल करण्यासाठी किती नोटिसा गेल्या. हे आकडे केंद्राच्या संगणकात असतातच, वेगळे गोळा करावे लागत नाहीत. फक्त ते कोणी मागत नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त लेखा अधिकारी