अस्सल म्हणून विकलेले वैमानिकाचे हेल्मेट बनावट निघाल्याबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

महोदय,

आपल्या संकेतस्थळावरून मी ब्रिटिश हवाई दलाचे 'टाइप सी' चामडी हेल्मेट आणि 'मार्क 8' गॉगल असा संच मागवला. त्याचे 46,000 रुपये आगाऊ भरले. पार्सल वास्कोला घरपोच आले, ते मी व्हिडिओ चालू ठेवूनच उघडले. सोबत 'तज्ज्ञांनी तपासलेले, अस्सल, 1942' असे छापील प्रमाणपत्र होते. त्यावर तज्ज्ञाचे नाव नाही, सहीही नाही. माझी तक्रार मुख्यतः या कागदाबद्दल आहे.

गॉगल अस्सल आहे, त्याबद्दल काही म्हणणे नाही. फ्रेमचा रंग कडेकडेने उडालाय, इलॅस्टिकमध्ये जीव उरलेला नाही. एवढ्या जुन्या वस्तूचे तसेच व्हायचे. पण खरा गॉगल खोट्या हेल्मेटवर चढवून दोन्हींचे खऱ्याच्या भावाने पैसे घेणे ही या बाजारातली जुनीच चलाखी आहे, आणि आपल्या तज्ज्ञांना ती माहीत नसेल असे वाटत नाही.

टाइप सी 1941 मध्ये आले. आधीच्या टाइप बीला कानांवर चेन लावलेले फुगीर कप्पे असत. सीमध्ये त्यांच्या जागी इअरफोन बसवायला रबराच्या वाट्या आल्या. ऐंशी वर्षांत असे रबर कडक होते, त्याला चिरा पडतात. मला आलेल्या हेल्मेटच्या वाट्या बोटाने दाबल्या की लगेच वर येतात आणि त्यांना नव्या चपलेसारखा वास येतो.

मग अंधार करून अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारला. शिवणीचा धागा आणि राजमुकुटाखाली 'ए.एम.', म्हणजे एअर मिनिस्ट्री, छापलेले आतले लेबल निळेपांढरे चमकले. कापड असे चमकते ते पांढरेपणासाठी घातलेल्या रसायनांमुळे, आणि ती कापडात सर्रास आली महायुद्धानंतर. जुने कापड आजच्या साबणात धुतले तरी चमकते, हे मला ठाऊक आहे. पण हे हेल्मेट कुणी धुतले असते तर आतले मऊ शॅमॉय चामडेही चमकले असते. ते काळेच राहिले. शिवणीतून सुटलेले धाग्याचे टोक जाळून पाहिले. सुती धाग्याची राख होते, याची वितळून कडक गोळी झाली. पॉलिस्टरचे पेटंटच 1941 चे आहे आणि बाजारात ते युद्धानंतर आले. नायलॉन म्हणाल तर ते तेव्हा पॅराशूटला लागत होते.

हे सगळे कळवल्यावर आपल्याकडून तीन वेगवेगळी उत्तरे आली. पहिले, 'माल फोटोप्रमाणेच आहे.' फोटोतल्या हेल्मेटच्या डाव्या कानाजवळच्या बटणाभोवती गंजाचा तपकिरी डाग स्पष्ट दिसतो. माझ्याकडच्या हेल्मेटवर तो नाही. म्हणजे फोटो एका हेल्मेटचा आणि पार्सलमध्ये दुसरेच. तोच फोटो लावून आपण अजूनही तसाच संच विकत आहात, हे विशेष.

दुसरे, 'गोव्याच्या दमट हवेमुळे वस्तूत बदल झाला असेल.' आमच्या पावसाळ्यात चामड्याला बुरशी येते, म्हणून माझा सगळा संग्रह सिलिका जेल घातलेल्या बंद डब्यांत असतो. पण दमट हवेने सुती धाग्याचा पॉलिस्टर झाल्याचे मी तरी ऐकलेले नाही. आणि व्हिडिओ पार्सल आले त्याच दिवसाचा आहे.

तिसरे तर कमालच. 'ही पुरातन वस्तू असल्यामुळे कायद्याने परत घेता येत नाही.' 1972 च्या पुरावशेष कायद्यात अशी वस्तू किमान शंभर वर्षे जुनी लागते. 1942 चे हेल्मेट त्यात बसत नाही, मग काल-परवा शिवलेले कसे बसेल? शिवाय तो कायदा ग्राहकाचे पैसे अडवण्यासाठी केलेला नाही.

फोनवर आपल्या प्रतिनिधीने 'तुमच्याकडे विमानांचे म्युझियम आहे ना, तिथे दाखवा' असा सल्लाही दिला. बोगमाळोच्या रस्त्यावरचे नौदलाचे ते संग्रहालय 1998 पासून आहे आणि मी तिथे अनेकदा गेलो आहे. पण आपण विकलेल्या मालाची खातरजमा करणे हे नौदलाचे काम नव्हे.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 नुसार तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. जाहिरातीप्रमाणे नसलेला किंवा बनावट माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. म्हणून पूर्ण रक्कम परत करावी आणि पार्सल आपल्या खर्चाने घेऊन जावे. गॉगल ठेवून हेल्मेटपुरती सवलत देण्याचा आपला प्रस्ताव मला मान्य नाही. प्रमाणपत्र कोणी दिले, त्याचे नाव लेखी कळवावे आणि संकेतस्थळावरचा तो फोटो काढावा.

महिनाभरात हे झाले नाही तर मी मडगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागेन. कायद्याने ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि 5 लाखांपर्यंत शुल्कही लागत नाही. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद आधीच केली आहे.

आपला,
एक ग्राहक, वास्को, गोवा

सोबत: बिलाची आणि प्रमाणपत्राची प्रत, पार्सल उघडतानाचा व्हिडिओ, जाहिरातीतला फोटो, टॉर्चखाली काढलेले फोटो