ब्रेक मारला की स्टेअरिंग थडथडतं: अलॉय व्हीलबाबत लेखी तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, तांत्रिक आणि ग्राहक सेवा विभाग

विषय: माझ्या डबल केबिन पिकअपला तुमची 17 इंची अलॉय व्हील बसवल्यापासून ब्रेकला येणारी थरथर आणि त्यावर तुमच्याकडून मिळणारं एकच उत्तर

आज दुपारी तुमच्या वरिष्ठ तांत्रिक सल्लागारांशी झालं ते फोनवरचं शेवटचं बोलणं. यापुढे जे काय असेल ते कागदावर. फोन ठेवला की पाच मिनिटांत तुमचा मेसेज येतो, 'आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण करण्यात आले आहे'. हे निराकरण कुठे झालं, कोणी केलं, मला तरी माहीत नाही. गाडी माझ्या दारात उभी आहे आणि तुमची चाकं लावून ब्रेक मारला की थरथरते.

चाकं तुम्ही बनवता, त्यामुळे पीसीडी (नटांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास), ऑफसेट (चाक किती आत किंवा बाहेर बसतं त्याचं माप), सेंटर बोअर (चाकाचं मधलं भोक) हे शब्द तुम्हाला समजावून सांगायची वेळ माझ्यावर येऊ नये. पण तुमच्या फोनवर बसणाऱ्या एकालाही ते माहीत नाहीत, म्हणून लिहितो.

तक्रार अशी. ताशी 60 ते 80 वरून ब्रेक दाबला की स्टेअरिंग दोन्ही हातांत थडथडतं. पाय काढला की थांबतं. कसारा घाट उतरताना मागे द्राक्षांचे क्रेट असतात, पुढे कंटेनर असतो आणि माझ्या हातात थडथडणारं स्टेअरिंग असतं. आमच्या पिंपळगावच्या मेकॅनिकने पहिल्याच दिवशी मोकळ्या रस्त्यावर हळू वेगात फक्त हँडब्रेक ओढून पाहिला. गाडी गुमान थांबली. म्हणजे मागचे ड्रम ठीक, दोष पुढच्या डिस्कपाशी. एवढं शोधायला त्याला चहा थंड व्हायचाही वेळ लागला नाही. तुमच्याकडे हाच प्रश्न विचारला की उत्तर येतं: 'सर, बॅलन्सिंग करून घ्या.'

बॅलन्सिंग केलं. तुमच्याच नाशिकच्या अधिकृत केंद्रात केलं, पुन्हा केलं, पावत्या सोबत जोडल्या आहेत. चाकाचं बॅलन्सिंग बिघडलं तर गाडी ठरावीक वेगाला हलते, ब्रेकला पाय लावा किंवा लावू नका. फक्त ब्रेकला होणारी थरथर डिस्ककडून येते: डिस्क सरळ फिरत नसते किंवा तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. जाडीत मिलिमीटरच्या काही शतांशांचा फरक पडला तरी पायाला कळतो. हे टायरच्या दुकानातल्या पोराला माहीत असतं.

तुमचं उत्तर मला तोंडपाठ आहे: 'डिस्क आमची नाही, गाडीच्या कंपनीची आहे.' बरोबर. ही डिस्क चाळीस हजार किलोमीटर मूळच्या लोखंडी चाकांमागे बिनतक्रार फिरली. तुमची चाकं लागली आणि थोड्याच दिवसांत तिला अवदसा आठवली. मेकॅनिकने आतल्या बाजूने डिस्कवर डायल गेज, म्हणजे डिस्क फिरताना किती डुलते ते मोजायचं घड्याळ, लावलं. तुमचं चाक आवळलेलं असताना डिस्क 0.14 मिलिमीटर डुलत होती. त्याच हबवर (चाक ज्यावर बसतं तो गाडीचा मधला भाग), त्याच डिस्कवर जुनं लोखंडी चाक टॉर्क पान्याने, म्हणजे ठरलेल्या जोरालाच आवळणाऱ्या पान्याने, आवळलं, तर 0.04. डिस्क तीच, हब तोच, बेअरिंग तेच. बदललं ते फक्त चाक आणि ते आवळायची पद्धत. दोन्ही तुमच्याकडून आलेलं.

कारण चाक उलटं केल्यावर दिसलं. हबला टेकणाऱ्या सपाट भागावर तुमचा काळा रंग जाड बसला आहे, एका बाजूला तर ओघळ सुकून टेंगूळ झालंय. डिस्क ही हब आणि चाक यांच्यामध्ये दाबली जाते. एक बाजू रंगावर टेकली आणि दुसरी उघड्या धातूवर, तर नट आवळताना ताण सारखा पडत नाही आणि डिस्क त्या ताणाने वाकडी होते. त्यात तुमच्या केंद्रातल्या माणसाने सहाही नट गनने ओळीने घुर्र्र करून आवळले. ताऱ्यासारखे समोरासमोर नाहीत, टप्प्याटप्प्याने नाहीत, टॉर्क पाना तर कुठे टांगलेलाही दिसला नाही. मी विचारलं, तर तो म्हणाला, 'काका, गन बरोबर आवळते.' शंभरेक किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा तपासायला बोलावतात, तेही कोणी बोलावलं नाही. वाकडी डिस्क दर फेरीला एकाच जागी पॅडला घासत राहते, काही आठवड्यांत तिथे जाडी बदलते, आणि मग चाक काढून ठेवलं तरी थरथर पूर्ण जात नाही. माझ्या बाबतीत नेमकं तेच झालं. लोखंडी चाकं लावून पाहिली तेव्हा थरथर निम्म्यावर आली, गेली नाही. यावरून तुमचे सल्लागार खुशीत म्हणाले, 'बघा, म्हणजे चाकाचा दोष नाही.' साहेब, बाटली फोडून झाल्यावर हात मागे घेतला की काच जोडली जाते का?

आता सेंटर बोअर. माझ्या गाडीच्या हबचा व्यास 106 मिलिमीटर, तुमच्या चाकाचं मधलं भोक 110. जात्याचा खुंटा सैल असावा तसं चाक हबवर बसतं आणि त्याला मध्यभागी धरायचं सगळं काम नटांवर येतं. तुमच्या खोक्यातल्या पत्रकावर छापलंय, 'सेंटरिंग रिंग (लागू असल्यास)'. खोक्यात ही फट भरणारी रिंग नव्हती. चार मिलिमीटरची फट असताना ती लागू नसेल, तर केव्हा असते, हे एकदा कळवा. आणि म्हणूनच तुमचं ते लाडकं बॅलन्सिंगही टिकत नाही: मशीन चाकाला मधल्या भोकातून, शंकूवर धरून फिरवतं, गाडीवर मात्र ते नटांवर बसतं. मशीनचा केंद्रबिंदू एक आणि गाडीवरचा दुसरा. माझ्या गाडीला 90 च्या पुढे ब्रेकशिवाय जो हलका कंप येतो, तो याचाच. निमुळत्या सीटचे नट चाक आपोआप मध्यभागी आणतात, असं तुमचे सल्लागार म्हणाले. आणतात, पण चाक जमिनीवरून उचललेलं असेल आणि नट हाताने, समोरासमोर, हळूहळू आवळले असतील तर. गनने पहिलाच नट पूर्ण आवळला की चाक त्या बाजूला ओढलं गेलं, मग उरलेले पाच काय करणार?

ऑफसेटचंही थोडक्यात सांगतो. मूळ चाकापेक्षा तुमचं चाक बरंच बाहेर येतं, दिसायला झकास दिसतं. पण टायर जमिनीवर टेकतो ती जागा स्टेअरिंगच्या फिरण्याच्या अक्षापासून लांब गेली की डिस्कचा छोटासा धक्काही स्टेअरिंगला मोठा होऊन पोचतो. हे तुमच्या डिझाइन करणाऱ्यांना माहीत असणारच. विकताना कोणी सांगितलं नाही. केंद्रातल्या माणसाने मोबाइलवर फोटो दाखवला आणि म्हणाला, 'रुबाब बघा काका.'

आता आजच्या फोनवर येतो, कारण हे पत्र लिहायला खरं तर त्यानेच बसवलं.

आधी बराच वेळ तुमचं संगीत ऐकलं. मग वरिष्ठ आले. मी वरची सगळी मोजमापं सांगितली, 0.14 आणि 0.04 दोनदा सांगितले, कारण पहिल्यांदा ते लिहून घेत नव्हते हे आवाजावरून कळत होतं. ते म्हणाले, "सर, घाटात सगळ्याच गाड्या थोड्या हलतात." मी म्हटलं, सगळ्या म्हणजे कोणाच्या? माझी आधी हलत नव्हती. ते म्हणाले, "ब्रेक जरा आधीपासून, हलक्या पायाने लावून बघा." पंचवीस वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाला. मी तेही गिळलं. मग त्यांनी विचारलं, "सर, गाडीत काय भरता?" मी म्हटलं, द्राक्षं. थोडा वेळ शांतता. आणि मग ते वाक्य आलं: "सर, शेतमालाच्या गाडीला अलॉय कशाला लावलीत? ती शोसाठी असतात."

मी विचारलं, परत बोला. ते परत बोलले! जरा समजुतीच्या सुरात, लहान मुलाशी बोलावं तसं: "म्हणजे सर, तुमच्या वापराला लोखंडीच बरी. अलॉय म्हणजे... लाइफस्टाइल प्रॉडक्ट आहे."

तुमच्या जाहिरातीचा फलक ओझरजवळ महामार्गावर आहे. त्यात हीच चाकं लावलेला पिकअप चिखलातून चिखल उडवत निघालाय, मागे पोती आहेत, आणि वर लिहिलंय 'मातीशी नातं'. पैसे घेताना माती चालते. तक्रार आली की लाइफस्टाइल. तुमच्या बिलावर 'फक्त शोसाठी' असा शिक्का नाही, मी उलटसुलट करून पाहिलं. चाकाच्या पाठीवर कमाल भार कोरलेला आहे. माझी गाडी भरून वजनकाट्यावर केली, चारही चाकांचा हिशेब त्या आकड्याच्या आत येतो. वजनकाट्याची पावतीही जोडली आहे, म्हणजे पुढचा प्रश्न 'ओव्हरलोड करता का' हा तुम्हाला विचारायला नको. शो म्हणे. निफाड तालुक्यात ज्याच्याकडे द्राक्षबाग आहे त्याने चांगली चाकं लावू नयेत, एवढंच तुमच्या साहेबांना म्हणायचं होतं. सभ्य भाषेत म्हणता आलं नाही, म्हणून 'लाइफस्टाइल' म्हणाले.

फोन ठेवताना ते काय म्हणाले? 'सर, एकदा बॅलन्सिंग करून घ्या.'

माझं म्हणणं आता स्पष्ट लिहितो. पुढच्या दोन्ही डिस्क आणि पॅडचा खर्च तुम्ही भरायचा, कारण त्या तुमच्या केंद्रात आवळलेल्या तुमच्या चाकांनी बिघडल्या. डिस्क लेथवर फेस करून, म्हणजे घासून सपाट करून, घेतल्याची पावतीही जोडली आहे. त्यानंतर लोखंडी चाकांवर गाडी ब्रेकला एकदम सरळ थांबते, हेही नोंदवून घ्या. चारही चाकं परत न्या आणि पूर्ण रक्कम द्या. टेकणारी बाजू रंग खरवडून साफ केलेली, 106 च्या धातूच्या रिंगसह नवी चाकं देतो म्हणाल, तर ती माझ्या मेकॅनिकसमोर, टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कला आवळली जातील आणि डायल गेजचं माप लेखी दिलं जाईल, या अटीवर विचार करीन. प्लास्टिकची रिंग पाठवू नका, घाटात ब्रेक तापल्यावर तिचं काय होतं ते मला पाहायचं नाही. कोणी फोन करू नये.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ग्राहक संरक्षण अधिनियम 2019 नुसार मी राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, तुमच्या मुख्यालयाच्या शहरात यावं लागत नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला फीही लागत नाही. त्याच कायद्यात उत्पादन दायित्वाचं एक आख्खं प्रकरण आहे, त्यात अपुऱ्या सूचना आणि इशारे देणाराही येतो. 'लागू असल्यास' ही सूचना की इशारा, हे आयोग ठरवेल. 'गाडी व्यावसायिक आहे' असं म्हणून सुटायचा विचार असेल तर सांगून ठेवतो, गाडी माझ्या नावावर आहे, मीच चालवतो आणि मागे माल माझ्याच बागेतला असतो. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन, तिथे तरी कोणी बॅलन्सिंग सांगणार नाही.

खरं सांगायचं तर राग चाकांचा कमी आहे. तुमची चाकं माझ्या मेहुण्याच्या जीपला सहा वर्षं आहेत, एक तडा नाही, रंग गेला नाही. त्याच भरवशावर मी घेतली, दोन दुकानं स्वस्त देत असताना. जाड रंगाचं एखादं चाक कारखान्यातून निघून जातं, होतं असं. ते कळवल्यावर गिऱ्हाईकालाच ब्रेक कसा दाबायचा ते शिकवणं, आणि गाडीत द्राक्षं आहेत हे ऐकून गप्प होणं, हे होत नाही, केलं जातं. सोसायटीच्या ओट्यावर संध्याकाळी बसणाऱ्यांपैकी निदान चार जण यंदा पिकअपची चाकं बदलणार होते. त्यांना मी आजचा फोन जसाच्या तसा ऐकवलाय.

सोबत: बिल, केंद्राच्या पावत्या, डायल गेजचे फोटो, चाकाच्या पाठीवरच्या रंगाचा फोटो, वजनकाट्याची पावती, लेथची पावती.

तुमचा (अजूनपर्यंत) ग्राहक,
एक द्राक्ष बागायतदार
ता. निफाड, जि. नाशिक

ता.क. पुढच्या उजव्या चाकाची तुमच्या नावाची मधली टोपी थरथरीने सुटून कसारा घाटात कुठेतरी पडली. ती मागत नाही. परत न्यायला याल तेव्हा चारऐवजी तीनच टोप्या मिळतील, हिशेबात धरा.