ब्रेकवर होते म्हणे!

दादर, मुंबई
रविवार

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

‘फ्रेंड्स’ या अमेरिकन विनोदी मालिकेतल्या रॉस-रेचेल या जोडप्याच्या भांडणावर वर्गात चर्चा आहे आणि तू रॉसच्या बाजूने बोलणार, कारण काय तर “ते ब्रेकवर होते.” एवढ्याच भांडवलावर उभा राहिलास तर दुसऱ्या मिनिटाला खाली बसशील. ब्रेक हा शब्द धरला की प्रकरण वकिली होतं, परवानगी होती की नव्हती एवढंच उरतं. दुखावलं कोण आणि लपवलं कोणी, हे बाजूलाच राहतं.

तिसऱ्या सीझनचे 15 आणि 16 हे भाग (फेब्रुवारी 1997) सलग बघ. वहीत तीन रकाने आख: कोणी काय केलं, तेव्हा त्याला काय माहीत होतं, आणि समोरच्याला त्याने काय सांगितलं. पहिले दोन सगळेच भरतात. निकाल तिसऱ्यात लागतो.

आता भरायला घे. सोबतीला वर्ष झालं ती रात्र. रेचेल कामात अडकलेली, रॉस तरीही जेवणाची टोपली घेऊन तिच्या ऑफिसात. घरी आल्यावर पुन्हा जुंपते. ती ब्रेक घेऊ म्हणते, त्याला वाटतं बाहेर जाऊन फ्रोझन योगर्ट खाऊ, डोकी थंड होतील. ती म्हणते, आपल्या नात्यापासूनच ब्रेक. तो निघून जातो. इथे पॉज कर. हा ब्रेक किती दिवसांचा, त्यात काय चालणार, हे तिने सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही.

मग तो फोन करतो, मिटवायलाच. मागून मार्कचा आवाज येतो, रेचेलचा ऑफिसातला सहकारी, ज्याच्यावरून रॉस आधीपासून जळतो. कोण आहे, असं विचारल्यावर रेचेल म्हणते, कुणी नाही. मार्क तिला धीर द्यायला आलेला असतो, त्यात वावगं काही नाही. पण तिसऱ्या रकान्यात ‘खोटं’ असं लिहावंच लागेल. रेचेलच्या बाजूचे लोक ही ओळ हमखास गाळतात. रॉसच्या दुसऱ्या रकान्यात मात्र एवढंच येईल: मार्क घरात आहे. बाकीचं सगळं त्याच्या डोक्यातलं. त्या भरात तो क्लोई नावाच्या, फोटोकॉपीच्या दुकानातल्या मुलीबरोबर रात्र घालवतो.

सकाळी फोनच्या आन्सरिंग मशीनवर रेचेलचा निरोप, तिला परत एकत्र यायचंय. थोड्या वेळात ती स्वतःच दारात, आणि क्लोई दारामागे. रात्री तो मोकळा होता असं मानलंस तरी इथून पुढे ‘ब्रेक’ कामाचा नाही, कारण आता समेट झालाय आणि तो लपवतोय. त्याला सांगून टाकायचं असतं, हेही लिही. चँडलर आणि जोई हे मित्र त्याला अडवतात, आधी बातमी कुठून कुठे जाईल ते बघ म्हणतात. मग तो क्लोईपासून एकेकाला गाठत त्यांच्या कॉफी हाऊसमधल्या गंथरपर्यंत पोचतो, तर त्याने रेचेलला आधीच सांगून टाकलेलं. लोकांची तोंडं बंद करत फिरला तेवढ्या वेळात कबुली देऊन झाली असती. तुझ्या बाजूची ही सगळ्यात कच्ची जागा आहे. समोरचा काढेल त्याआधी तूच काढ.

आता मांडणी. बाहेर दोघांचं भांडण, आणि बाकीचे चौघे मित्र-मैत्रिणी बेडरूममध्ये अडकून भुकेपोटी वॅक्सिंगचं मेण खातायत. चाळीत असंच असतं, दार बंद पण शब्दन् शब्द ऐकू येतो. हशा जास्त करून या चौघांवर आहे, भांडणावर नाही. शेवटचा प्रसंग एकदा आवाज बंद करून बघ. रॉस गुडघ्यांवर बसून तिला धरून आहे. रडवेला चेहरा दिसला की तोच बरोबर वाटायला लागतो. आपल्या मालिकांत हाच डाव रोज चालतो, फक्त तिथे वर बासरी वाजते. आवाज बंद असताना तुझं मत कुठे सरकलं, ते समासात लिहून ठेव.

चौथ्या सीझनच्या सुरुवातीला रेचेल त्याला 18 पानी पत्र देते, पाठपोट लिहिलेलं. वाचता वाचता याला झोप लागते आणि पूर्ण न वाचताच ‘हो’ म्हणून बसतो. हे पत्र त्यामानाने आखूड आहे. तक्ता भरलास की फोटो पाठव. मार्कची ओळ गाळलीस तर मला लगेच कळेल.

तुझी,
आई